ज्युनिपर पाणी चोरतो का?

झाडे लावली की पाणी टिकते, हे आपण शाळेत पहिल्यापासून ऐकत आलो आहोत. वनमहोत्सवात रोप लावताना भाषणात हे वाक्य हमखास असते. मग कोणी तुम्हांला सांगितले, की जगात एक असा प्रदेश आहे जिथे झरे वाहावेत म्हणून झाडे तोडली जातात आणि तोडणाऱ्याला सरकारी खजिन्यातून मदतही मिळत आली आहे, तर? नवल वाटेल, पण हे खरे आहे. हा प्रदेश म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील टेक्सास राज्याचा मध्य भाग. ते झाड म्हणजे त्याच भूमीचा मूळ रहिवासी असलेला ज्युनिपर.

१९८५ साली टेक्सासच्या विधिमंडळाने झुडुपांच्या नियंत्रणाचा कार्यक्रम मंजूर केला. पाणी फार पिणाऱ्या वनस्पती काढून टाकल्या तर नद्यांना आणि झऱ्यांना अधिक पाणी मिळेल, ही त्यामागची अपेक्षा. आपल्या वेड्या बाभळीचा नातेवाईक असलेले मेस्कीट हे काटेरी झाड आणि त्याच्या जोडीला ज्युनिपर, असे दोघेही या कार्यक्रमाच्या तडाख्यात सापडले. त्याआधी आणि त्यानंतर खासगी जमीनमालकांनीही हजारो एकरांवरचे ज्युनिपर यंत्रांनी उपटून काढले.

ज्युनिपर खरेच इतका अपराधी आहे काय? या प्रश्नाचा विचार करताना विज्ञानाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट सोयीची असते. पाणी हे द्रव्य आहे. ते नाहीसे होत नाही. पडलेल्या पावसाचा थेंब न् थेंब कुठे तरी जमा होतो किंवा कुठे तरी खर्च पडतो. तेव्हा झाडावर चोरीचा आळ घेण्यापूर्वी जमाखर्च मांडून पाहावा, हे उत्तम. या लेखात आपण तेच करणार आहोत.

नाव सिडर, कूळ मोरपंखीचे

टेक्सासमधील लोक या झाडाला 'सिडर' किंवा 'माउंटन सिडर' म्हणतात. पण खरा सिडर म्हणजे हिमालयातील आपला देवदार आणि त्याचे भूमध्य समुद्राकाठचे भाऊबंद. ज्युनिपर त्या गोतातला नव्हे. तो सायप्रसच्या कुळातला. आपल्याकडे शाळेच्या किंवा बंगल्याच्या आवारात हमखास दिसणारी मोरपंखी याच कुळातली. मोरपंखीची फांदी जवळून पाहिली असेल, तर ज्युनिपरची पाने कशी असतात हे वेगळे सांगायला नको. ती खवल्यांसारखी बारीक असून डहाळीला घट्ट चिकटलेली असतात.

जगात ज्युनिपरच्या पन्नासहून अधिक जाती आहेत. त्याचे निळसर, वाटाण्याएवढे 'फळ' वस्तुतः फळ नसतेच. ज्युनिपर ही अनावृतबीजी वनस्पती आहे. पाइनप्रमाणे तिलाही शंकू येतात. फरक इतकाच, की ज्युनिपरच्या शंकूचे खवले मांसल होतात आणि एकमेकांना जुळून त्यांचा गोळा बनतो. आयुर्वेदात 'हपुषा' म्हणतात ते औषध म्हणजे ज्युनिपरच्याच एका जातीचे असे शंकू. पूर्व अमेरिकेतील दुसऱ्या एका जातीचे लाकूड एके काळी पेन्सिली करण्यासाठी सर्वांत उत्तम समजले जाई.

आपल्या लेखातील जातीचे शास्त्रीय नाव ज्युनिपेरस ॲशेई. विल्यम विलर्ड ॲश या अमेरिकन वनशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ १९३० साली हे नाव देण्यात आले. हे झाड सदाहरित असते, सावकाश वाढते आणि त्याची उंची सहसा दहा मीटरांच्या आतच राहते. नर झाडे वेगळी आणि मादी झाडे वेगळी असतात. लाकडाचा गाभा असा टिकाऊ, की तो जमिनीत पुरला तरी लवकर कुजत नाही आणि त्याला वाळवीही सहसा लागत नाही.

झाड बदनाम कसे झाले?

मध्य टेक्सासमध्ये एडवर्ड्सचे पठार आहे. आपल्या दख्खनच्या पठाराचा खडक काळा बसाल्ट, तर तिथला खडक पांढरा चुनखडक. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी तो तयार झाला. पावसाच्या पाण्यात हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळला म्हणजे सौम्य आम्ल बनते. हे आम्ल चुनखडक हळूहळू विरघळवते. त्यामुळे या पठाराच्या पोटात भेगा, नळ्या आणि गुहा यांचे जाळे झालेले आहे. वरची माती मात्र अगदी पातळ. कित्येक ठिकाणी वीतभरही नाही. जमिनीत मुरलेले पाणी भेगांतून खाली उतरते आणि पठाराच्या कडेला मोठमोठ्या झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. सॅन अँटोनियोसारखे प्रचंड शहर याच भूजलावर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे जर्मन वसाहतवाले आले. न्यू ब्राउनफेल्स हे गाव १८४५ साली आणि फ्रेडरिक्सबर्ग १८४६ साली वसले. दऱ्यांच्या उतारांवर ज्युनिपरच्या राया तेव्हाही होत्या; सपाटीवर मात्र उंच गवत अधिक होते. पुढे गाई, मेंढ्या आणि शेळ्यांचे मोठाले कळप आले. कुंपणांनी अडवलेल्या जमिनीवर ते वर्षानुवर्षे चरत राहिले. गवत मुळापर्यंत खाल्ले गेले. गवत गेल्यावर मातीला धरून ठेवणारे कोणी उरले नाही आणि दर मोठ्या पावसात ती वाहून जाऊ लागली. पूर्वी गवताला मधूनमधून वणवे लागत आणि त्यांत ज्युनिपरची कोवळी रोपे जळून जात. आता जळायला गवतच नव्हते. शिवाय माणसे वणवे विझवू लागली होती.

अशा उघड्या, खडकाळ जमिनीवर कोण तग धरणार? ज्युनिपरच. त्याची तेलकट, उग्र वासाची पाने जनावरे सहसा खात नाहीत. त्याचे बी पक्षी दूरवर नेऊन टाकतात. त्यामुळे जिथे गवताचे राज्य होते, तिथे ज्युनिपरची दाट झाडी माजली. दरम्यान दऱ्यांमधील जुने, सरळसोट ज्युनिपर कुंपणाच्या खांबांसाठी, रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि कोळशासाठी तोडले गेले.

लोकांनी दोन गोष्टी एकाच वेळी पाहिल्या. झरे आटत होते आणि ज्युनिपर वाढत होता. १९५० ते १९५७ या काळात टेक्सासमध्ये भीषण अवर्षण पडले. १९५६ साली तर कोमल येथील विख्यात झरे काही महिने पूर्णपणे बंद पडले. मग साहजिकच निष्कर्ष निघाला, की ज्युनिपरनेच पाणी पिऊन टाकले.

दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे त्यांतली एक कारण आणि दुसरी परिणाम असतेच असे नाही. पावसाळ्यात रस्त्यावर छत्र्या वाढतात आणि नदीला पूरही येतो. पण छत्र्यांमुळे पूर आला असे कोणी म्हणत नाही. दोहोंचे कारण एकच, ते म्हणजे पाऊस. एडवर्ड्सच्या पठारावर जमिनीचा कस जाण्याचे आणि ज्युनिपर पसरण्याचे एक मोठे कारण समाईक होते, ते म्हणजे बेसुमार चराई.

तेहतीस गॅलनांचे गणित

टेक्सासमध्ये एक आकडा पुष्कळ वर्षे तोंडोतोंडी फिरत आला आहे. ज्युनिपरचे एक मोठे झाड दिवसाला ३३ गॅलन, म्हणजे सुमारे १२५ लिटर पाणी पिते, असा तो आकडा. ऐकणाऱ्याच्या मनात लगेच गुणाकार सुरू होतो: एका टेकडीवर हजार झाडे, वर्षाचे ३६५ दिवस! या गुणाकारात काय चुकते, ते भौतिकशास्त्राच्या साहाय्याने पाहू.

झाड मुळांनी पाणी शोषते आणि त्यातले बहुतेक पानांतून वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. पाण्याची वाफ करायला उष्णता लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे. नेहमीच्या तापमानाला १ किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २४.५ लाख ज्यूल उष्णता लागते. ही उष्णता झाडाला कोण देतो? मुख्यतः सूर्य.

मध्य टेक्सासमध्ये निरभ्र उन्हाळी दिवशी जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे २५० लाख ज्यूल सौर ऊर्जा पडते. त्यातली काही परावर्तित होते, काही जमीन पुन्हा आकाशाकडे उत्सर्जित करते. शिल्लक राहते ती सुमारे १५० लाख ज्यूल. १५० ला २४.५ ने भागले तर उत्तर सुमारे ६ येते. याचा अर्थ असा, की सारीच्या सारी ऊर्जा वाफ करण्यात खर्ची पडली तरी एका चौरस मीटरवरून दिवसाला सुमारे ६ लिटर पाणीच उडून जाऊ शकते. तिथे ज्युनिपर असो, गवत असो की ओलेचिंब मैदान असो; सूर्य कोणालाही याहून फारसा जास्त वाटा देत नाही.

आता ४ मीटर व्यासाचा घेर असलेला ज्युनिपर घ्या. त्याने व्यापलेले क्षेत्रफळ सुमारे १२.५ चौरस मीटर. त्याची कमाल मर्यादा झाली दिवसाला ७५ लिटर. १२५ लिटरांसाठी पाच मीटरांहून मोठा घेर, कडक ऊन आणि मुळांशी भरपूर ओल, ही तिन्ही एकत्र यावी लागतील. हिवाळ्यात, ढगाळ दिवशी किंवा जमीन कोरडी असताना हा आकडा फार खाली येतो.

दुसरी मर्यादा पावसाची. समजा, वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. तेव्हा आपल्या झाडाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे ९,४०० लिटर पाऊस येतो. दररोज १२५ लिटर या हिशेबाने वर्षाचा खर्च मात्र ४५,६०० लिटरांवर जातो. जमेपेक्षा खर्च जवळजवळ पाचपट!

यावर एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल, की एकटे झाड आपली मुळे घेराबाहेर पसरून शेजारचे पाणी ओढू शकते, आणि बाजूने येणारा गरम वारा त्याला सूर्याखेरीज आणखी उष्णताही देतो. हे अगदी बरोबर आहे. पण ते एकट्यादुकट्या झाडापुरते. सारी टेकडीच झाडांनी भरलेली असेल, तर प्रत्येकाच्या शेजारी दुसरे झाड असते आणि शेजारचे पाणी हा प्रश्नच उरत नाही. म्हणून एका झाडाच्या एका दिवसाच्या आकड्याला झाडांच्या संख्येने आणि ३६५ ने गुणणे हे गणित फसवे ठरते. प्रश्न झाडाचा नव्हे, जमिनीच्या चौरस मीटरचा विचारायचा असतो.

मुळे कुठवर पोहोचतात?

ज्युनिपरची मुळे थेट भूजलापर्यंत जाऊन ते उपसतात, असाही एक समज आहे. या पठाराखाली गुहा असल्यामुळे त्याची परीक्षा घेणे शक्य झाले. रॉबर्ट जॅक्सन आणि त्यांचे सहकारी यांनी ५ ते ६५ मीटर खोलीच्या २१ गुहांत उतरून छतातून लोंबणारी मुळे गोळा केली. नुसत्या मुळावरून झाड ओळखणे अवघड. म्हणून त्यांनी मुळांतील डीएनए तपासून कोणते मूळ कोणत्या झाडाचे, हे ठरवले. १९९९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निदान सहा जातींच्या वृक्षांची मुळे ५ मीटरांखाली गेलेली आढळली. पण १० मीटरांखाली मुळे सापडली ती फक्त सदाहरित ओकची. ती सुमारे २५ मीटरांपर्यंत पोहोचली होती. जो ओक राखावा असे सारे म्हणतात, त्याचीच मुळे सर्वांत खोल निघाली!

छत्री आणि स्पंज

ज्युनिपरच्या बाजूने बोलताना त्याच्या विरुद्धचा पुरावा लपवून चालणार नाही. हे झाड सदाहरित आणि दाट असल्यामुळे पाऊस वरच्या वर अडवते. ही अडवणूक टेक्सासमध्ये वर्षानुवर्षे मोजली गेली आहे. ज्युनिपरचा पाला आणि त्याखालचा पाचोळा मिळून वर्षभराच्या पावसापैकी सुमारे ४० टक्के पाणी अडवतात आणि ते तिथूनच वाफ होऊन जाते, असे त्यांत आढळले.

हा आकडा मोठा खराच. पण तो नीट समजून घेतला पाहिजे. पानांवर पाणी मावते ते थोडेच. दोन मिलिमीटरांची हलकी सर आली तर ती जवळजवळ सगळी पानांवरच राहते. मुसळधार पाऊस आला की पाने क्षणात भरतात आणि नंतरचे पाणी खाली येतेच. हलक्या सरीचे पाणी उघड्या जमिनीवर पडले असते, तरी वरच्या बोटभर मातीला भिजवून दुसऱ्या दिवशी उन्हाने उडून गेले असते. झऱ्यांना पाणी मिळते ते मोठ्या पावसातून, आणि मोठ्या पावसात ज्युनिपर फार लहान भाग अडवतो.

आता झाडाखाली वाकून पाहू. तिथे पाचोळ्याचा जाड थर असतो, त्याखाली भुसभुशीत काळी माती आणि तिच्यात मुळांनी व किड्यांनी केलेली छिद्रे. पावसाचा थेंब पाचोळ्यावर आपटतो, मातीवर नव्हे. म्हणून मातीचे कण सुटून छिद्रे बुजत नाहीत. ज्युनिपरखाली पाणी मुरण्याचा वेग आखूड चरलेल्या गवताखालच्या वेगापेक्षा बराच जास्त असतो, असे त्या पठारावरील प्रयोगांत दिसून आले आहे. झाड वर छत्री असते आणि खाली स्पंज. दोन्ही बाजू हिशेबात धरल्या पाहिजेत.

मग ज्युनिपर काढल्यावर प्रत्यक्ष काय होते? सेको क्रीक नावाच्या ओढ्याच्या पाणलोटात असा प्रयोग झाला आणि १९९८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झाडे काढल्यावर पहिली दोन वर्षे जमिनीवरून उडून जाणारे पाणी दिवसाला सरासरी ०.३ मिलिमीटरने कमी झाले. पण पुढे गवत वाढले आणि हा फरक मावळला. ऊर्जेचा हिशेब आठवा: सूर्याची उष्णता तीच आणि ओलही तीच, फक्त पाणी वर नेणारी वनस्पती बदलली.

नद्यांची साक्ष

सर्वांत मोठी साक्ष नद्यांनी दिली. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील ब्रॅडफर्ड विलकॉक्स आणि युन हुआंग यांनी या पठारावरून वाहणाऱ्या नद्यांच्या अनेक दशकांच्या नोंदी तपासल्या. नदीच्या प्रवाहाचे त्यांनी दोन भाग केले: पावसानंतर लगेच येणारा लोंढा आणि जमिनीत मुरून सावकाश येणारा पायाभूत प्रवाह. ज्युनिपर पाणी चोरत असेल, तर झाडी वाढत गेली त्या काळात हा पायाभूत प्रवाह घटायला हवा होता. घडले उलटेच. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार १९६० नंतर पायाभूत प्रवाह सुमारे दुप्पट झाला होता.

याचे कारण त्यांनी असे दिले, की या काळात पठारावरील जनावरांची संख्या बरीच कमी झाली. त्यामुळे गवत आणि झाडे दोन्ही वाढली, जमीन सुधारली आणि पाणी पुन्हा मुरू लागले. झऱ्यांचे भवितव्य ठरते ते जमीन पाणी मुरवू शकते की नाही, यावर. तिच्यावर उभे असलेले झाड कोणते, हा त्यानंतरचा प्रश्न.

सालीचे घरटे

आतापर्यंत आपण ज्युनिपरकडे केवळ पाण्याच्या दृष्टीने पाहिले. पण त्याच्या आश्रयाने राहणारे जीव आणखी वेगळी गोष्ट सांगतात.

सोनेरी गालांचा वॉर्ब्लर हा आपल्या वटवट्याएवढा, सुमारे दहा ग्रॅम वजनाचा पक्षी. हिवाळा तो दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास या भागांत काढतो. मार्चमध्ये तो टेक्सासमध्ये येतो, कारण साऱ्या पृथ्वीवर त्याची वीण फक्त तिथेच होते. मादी घरटे बांधते ते ज्युनिपरच्या सालीच्या लांब, मऊ पट्ट्यांचे. कोळ्याच्या जाळ्याचे धागे वापरून ती हे पट्टे एकमेकांना बांधते. मात्र अशा पट्ट्या सुटतात त्या जुन्या ज्युनिपरच्या खोडावरूनच. कोवळ्या झाडाची साल तशी निघत नाही. जुनी राई तोडून दहा वर्षांनी तिथे पुन्हा ज्युनिपर उगवले, तरी या पक्ष्याच्या ते उपयोगी पडत नाहीत. १९९० साली त्याला अमेरिकेच्या कायद्याप्रमाणे संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घालण्यात आले आणि १९९२ साली ऑस्टिन शहराजवळ बाल्कोनेस कॅनियनलँड्स हे राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान स्थापन झाले.

ज्युनिपरवर जगणारा हा एकटाच जीव नव्हे. हिवाळ्यात इतर फळे संपलेली असतात तेव्हा रॉबिन आणि वॅक्सविंग या पक्ष्यांचे थवे त्याचे निळे शंकू खाऊन राहतात. कोल्हे आणि रॅकूनही ते खातात. हेअरस्ट्रीक जातीच्या एका हिरव्या फुलपाखराच्या अळ्या ज्युनिपरच्या पानांवर वाढतात. टेक्सास मॅड्रोन या सुंदर झाडाची रोपे तर पुष्कळदा ज्युनिपरच्या सावलीतच रुजलेली आढळतात. तिथे त्यांना ऊन कमी लागते, ओल मिळते आणि हरणांच्या तोंडापासून थोडे संरक्षणही मिळते.

तोडल्यावर उरते काय?

ज्युनिपर काढण्याची एक जुनी रीत अशी. दोन मोठ्या ट्रॅक्टरांमध्ये जहाजाच्या नांगराची जाड साखळी बांधतात आणि दोन्ही ट्रॅक्टर समांतर चालवतात. मधली सारी झाडी मुळांसकट उपटली जाते. बुलडोझरनेही हेच काम करतात. सपाट जमिनीवर हे एक वेळ निभावते. पण डोंगरउतारावर पाचोळा उलथला, मुळे निघाली, की वीतभर मातीला आधार राहत नाही.

या प्रदेशात पाऊस कोसळतो तेव्हा कसा कोसळतो, हे जगाने ४ जुलै २०२५ रोजी पाहिले. ग्वाडालूप नदी काही तासांत अनेक मीटर चढली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. इतका प्रचंड पूर कोणतीही झाडी थोपवू शकत नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पण त्याहून लहान, दर वर्षी येणाऱ्या पावसात उघड्या उतारावरची माती वाहून जाते की जागेवर राहते, हे मात्र आच्छादनावरच ठरते. चुनखडकावर एक सेंटिमीटर माती तयार व्हायला शतके लागतात. ती गेली, की पाणी साठवणारा स्पंजच गेला.

शिवाय मोकळ्या झालेल्या जागी मूळचे गवत आपोआप येईलच असे नाही. पुष्कळदा युरोप-आशियातून आणलेले एक चिवट गवत ती जागा बळकावते. आणि पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून काही वर्षांत ज्युनिपर पुन्हा उगवतातच. मग पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा खर्च.

मग एकही झाड तोडू नये का?

असे म्हणणेही शास्त्राला धरून होणार नाही. डेव्हिड बॅम्बर्गर या गृहस्थांनी १९६९ साली जॉन्सन सिटीजवळ उजाड जमीन घेतली. पुढे ती साडेपाच हजार एकरांची झाली. त्यांनी तिथले पुष्कळ ज्युनिपर काढले आणि आटलेले झरे खरोखर वाहू लागले. हे उदाहरण ज्युनिपरविरोधी लोक नेहमी देतात. पण बॅम्बर्गर यांनी नुसती झाडे तोडली नाहीत. मोकळ्या जागेवर मूळचे गवत पेरले, चराईला आळा घातला आणि जमीन वर्षानुवर्षे जपली. त्यांच्या यशाचा तो निम्मा भाग सांगायचा राहून जातो.

पूर्वी खरोखर गवताळ असलेल्या सपाटीवर गेल्या काही दशकांत ज्युनिपर माजला असेल, तर तो हाताने, बेताबेताने काढणे योग्य ठरते. या जातीची एक सोय अशी, की खोड जमिनीलगत कापले तर ते पुन्हा फुटत नाही. मुळे उपटण्याची गरजच नसते. घरांजवळ दाट ज्युनिपर असणे धोक्याचे, कारण त्याची तेलकट पाने कोरड्या हवेत भडकून पेटतात. डिसेंबर-जानेवारीत नर झाडांचे पराग हवेत पसरतात आणि हजारो लोक शिंका आणि डोळ्यांची आग यांनी हैराण होतात. त्याला तिथे 'सिडर ताप' म्हणतात. टेक्सासमधीलच काळ्या टोपीचा व्हिरिओ या दुसऱ्या पक्ष्याला तर दाट राई नको, मोकळी झुडुपेच लागतात. म्हणजे कुठे राखावे आणि कुठे काढावे, हे उतार, माती आणि झाडाचे वय पाहून ठरवायचे. दरीच्या उतारावरची जुनी राई आणि सपाटीवरची दहा वर्षांची झाडी यांना एकच नियम लावता येत नाही.

आपल्या देशातही ज्युनिपर आहेत, ते हिमालयात. लडाख आणि लाहौलच्या कोरड्या, थंड डोंगरांवर वृक्ष मुळातच विरळ. तिथे ज्युनिपरची पाने बौद्ध मठांत धुपासाठी वापरतात; लडाखी लोक त्याला 'शुक्पा' म्हणतात. सरपणासाठी तो तोडला गेला, तर इतक्या सावकाश वाढणाऱ्या झाडाची भरपाई एका माणसाच्या आयुष्यात होत नाही. पाकिस्तानात बलुचिस्तानमधील झियारतजवळ ज्युनिपरचे सुमारे १ लाख १० हजार हेक्टरांचे प्राचीन वन आहे. २०१३ साली युनेस्कोने त्याचा समावेश जीवावरण राखीव क्षेत्रांत केला.

करून पाहा

ज्युनिपर आपल्या गावात नसला तरी हा हिशेब तुम्ही मांडू शकता. सरळ कडांचे, सारख्या आकाराचे सहा डबे घ्या. पावसाळ्यात तीन डबे एखाद्या दाट झाडाखाली वेगवेगळ्या जागी आणि तीन उघड्या मैदानात ठेवा. प्रत्येक पावसानंतर लगेच पट्टीने पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये मोजा आणि दोन्हीकडची सरासरी काढा. हलक्या सरीत आणि मोठ्या पावसात झाडाने किती टक्के पाणी अडवले, याचा तक्ता करा.

नंतर पाऊस उघडल्यावर, वर-खाली दोन्ही बाजूंनी उघडा असलेला डबा झाडाखालच्या जमिनीत दोन बोटे ठोकून बसवा. त्यात एक लिटर पाणी ओता आणि ते मुरायला किती मिनिटे लागतात ते पाहा. हाच प्रयोग माणसांच्या आणि जनावरांच्या पायांखाली तुडवलेल्या उघड्या जमिनीवर करा. पहिल्या प्रयोगाचे आकडे झाडाच्या विरुद्ध जातील. दुसऱ्याचे बहुधा त्याच्या बाजूने. दोन्ही एकाच वहीत, शेजारी शेजारी लिहा आणि मगच निकाल द्या. पुढे कधी 'हे झाड फार पाणी पिते' असे कोणी सांगितले, तर त्या माणसाला आधी विचारा: किती चौरस मीटरांवर, किती दिवसांत आणि ते झाड काढल्यावर ते पाणी जाणार कुठे?